स्त्रिया आणि एचआयव्ही प्रतिबंध : औषधे आली, पण दवाखान्यात विषय निघत नाही

एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून, संसर्गाचा संभव असलेल्या निरोगी व्यक्तीने आधीपासून घ्यावयाच्या औषधोपचाराला ‘प्रेप’ म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपचाराला पहिली मान्यता दिली ती १६ जुलै २०१२ रोजी. त्या वेळी रोज घ्यावयाची एकच गोळी उपलब्ध होती. आज स्त्रियांसाठी तीन मान्यताप्राप्त पर्याय आहेत : रोजची गोळी, दर दोन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन.

पर्याय वाढले, तरी ते स्त्रियांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाहीत. रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, २०२२ च्या आकडेवारीनुसार प्रेपचा उपयोग होऊ शकेल अशा पुरुषांपैकी सुमारे ४१ टक्के पुरुषांना ते लिहून दिले गेले होते. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. त्या वर्षी देशात एचआयव्हीचे नव्याने निदान झालेल्या दर पाच व्यक्तींत साधारण एक स्त्री होती, आणि अशा स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या कृष्णवर्णीय होत्या. बहुसंख्य स्त्रियांना हा संसर्ग पुरुष जोडीदाराकडून झालेला होता.

या तफावतीमागे खर्च, विमा, अंतर अशी अनेक कारणे आहेत. पण त्यांच्याही आधीचे एक कारण तपासणीच्या खोलीतच आढळते. कुटुंबाचे डॉक्टर किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ हा विषय काढतच नाहीत. समोरची स्त्री विवाहित आहे, सुशिक्षित आहे, ‘तशी’ वाटत नाही, एवढ्यावरून तिला धोका नाही असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती चुकीचे आहे, याचा एक भक्कम पुरावा तीस वर्षांपूर्वी पुण्यातून पुढे आला होता.

पुण्यातील पाहणी

मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्हीसाठी तपासणी करण्यात आली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाहणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांपैकी ५२५ वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. उरलेल्या ३९१ स्त्रियांचा त्या व्यवसायाशी संबंध नव्हता. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. तरीही त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्यांच्या बाबतीत जोखमीचा सर्वांत ठळक घटक होता तो गुप्तरोग झालेल्या जोडीदाराशी आलेला संबंध.

चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांचे हे आकडे सर्व समाजाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे उघड आहे. त्यातून निघणारा बोध मात्र आजच्या अमेरिकेतही तितकाच खरा आहे. स्त्रीला असलेला धोका तिच्या स्वतःच्या वागण्यावरून मोजता येत नाही. तो तिच्या जोडीदाराच्या आरोग्यावर, त्याच्या इतर संबंधांवर आणि ती राहते त्या वस्तीत विषाणू किती पसरला आहे यावर अवलंबून असतो. यातील पुष्कळ गोष्टी तिला ठाऊक नसतात. म्हणून ‘तुमचे किती जोडीदार आहेत?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरून प्रेपविषयी बोलायचे की नाही हे ठरवले, तर ज्यांना त्याची गरज आहे अशा अनेक स्त्रिया वगळल्या जातात.

सीडीसीने २०२१ च्या अखेरीस आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या, त्यामागे हाच विचार दिसतो. लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या प्रत्येक प्रौढ व किशोरवयीन व्यक्तीला प्रेपची माहिती द्यावी, आणि जी व्यक्ती ते मागेल तिने जोखमीचे विशिष्ट कारण सांगितले नाही तरी तिला ते नाकारू नये, असे या सूचना सांगतात.

चाचण्यांमधून काय उमगले

स्त्रियांवरील प्रेपच्या संशोधनाचा इतिहास यश आणि अपयश अशा दोन्हींचा आहे. केनिया व युगांडा येथील ‘पार्टनर्स प्रेप’ चाचणीत एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशी ४,७५८ जोडपी होती. तेथे गोळीचा चांगला परिणाम दिसला. उलट ‘फेम-प्रेप’ आणि ‘व्हॉइस’ या आफ्रिकेतील दोन मोठ्या चाचण्यांत त्याच गोळीचा काहीही उपयोग दिसेना. तपासाअंती असे कळले की गोळ्या घेतल्याच जात नव्हत्या. ‘व्हॉइस’मध्ये ही संयुक्त गोळी दिलेल्या स्त्रियांच्या रक्ताच्या नमुन्यांपैकी केवळ २९ टक्क्यांत औषध सापडले. आपण नियमित गोळ्या घेतो असे मात्र बहुतेकींनी सांगितले होते.

नंतरच्या मुलाखतींतून कारणे पुढे आली. घरात गोळ्यांची बाटली सापडली तर आपल्यालाच रोग झाला आहे असा समज होईल, ही भीती होती. जोडीदाराच्या संशयाचे भय होते. ‘फेम-प्रेप’मधील बहुसंख्य स्त्रियांना तर आपल्याला फारसा धोका आहे असे वाटतच नव्हते. समुपदेशन करणाऱ्यांच्या दृष्टीने ही माहिती औषधाच्या गुणधर्मांइतकीच मोलाची आहे. गोळी परिणामकारक आहे एवढे सांगून भागत नाही. ती कोठे ठेवणार, कोणाच्या नजरेस पडेल, रोज आठवण कशी राहील, हेही बोलावे लागते.

दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने या अडचणीतूनच महत्त्वाची ठरली. कॅबोटेग्राव्हिर या औषधाची ‘एचपीटीएन ०८४’ ही चाचणी आफ्रिकेतील सात देशांत ३,२२४ स्त्रियांवर झाली. इंजेक्शन घेणाऱ्या गटात ४ जणींना, तर रोजची गोळी दिलेल्या गटात ३६ जणींना संसर्ग झाला. लेनाकापावीरची ‘पर्पज १’ ही चाचणी दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तरुण स्त्रिया आणि किशोरवयीन मुलींवर झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहामाही इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. डेस्कोव्ही गोळी दिलेल्या २,१३६ जणींपैकी ३९, तर ट्रुव्हाडा गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना तो झाला. येथेही गोळ्यांच्या गटांत नियमितपणा कमी होता.

आजचे पर्याय

रोजची गोळी : टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल व एमट्रिसिटाबीन यांची ही संयुक्त गोळी, म्हणजेच ट्रुव्हाडा, आता जेनेरिक स्वरूपात पुष्कळ स्वस्त मिळते. योनिमार्गे येणाऱ्या संबंधांत पूर्ण संरक्षणासाठी ती सुमारे २१ दिवस रोज घ्यावी लागते, असे सीडीसी सांगते. संबंधाच्या आधी व नंतर मोजक्या गोळ्या घेण्याची जी पद्धत काही पुरुषांसाठी वापरली जाते, ती स्त्रियांसाठी नाही. मूत्रपिंडांचे कार्य पुरेसे चांगले असावे लागते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी असे त्रास होऊ शकतात. ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतात.

याच वर्गातील डेस्कोव्ही या गोळीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण योनिमार्गे होणाऱ्या संसर्गाच्या प्रतिबंधासाठी ती मान्य नाही, कारण ज्या चाचणीवर मान्यता आधारलेली होती तिच्यात या स्त्रियांचा समावेशच नव्हता. औषध लिहून देताना ही चूक होण्याचा संभव असतो, म्हणून औषधविक्रेत्यांनीही याकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे.

दोन महिन्यांचे इंजेक्शन : कॅबोटेग्राव्हिर, व्यापारी नाव ॲप्रेट्यूड, डिसेंबर २०२१ मध्ये मान्य झाले. ते कमरेखाली, नितंबाच्या स्नायूत दिले जाते. पहिली दोन इंजेक्शने एक महिन्याच्या अंतराने आणि पुढची दर दोन महिन्यांनी घ्यावी लागतात. टोचलेल्या जागी दुखणे हा सर्वांत सामान्य त्रास आहे.

सहा महिन्यांचे इंजेक्शन : लेनाकापावीर, व्यापारी नाव येझ्टुगो, याला १८ जून २०२५ रोजी मान्यता मिळाली. ते पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली दिले जाते. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच औषधाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात. त्या चुकवून चालत नाही. टोचलेल्या जागी गाठ येऊ शकते आणि ती बरेच दिवस हाताला लागते. आधी सांगितले नाही तर त्या गाठीने घाबरून स्त्रिया दुसरे इंजेक्शन घेण्याचे टाळतात.

दोन्ही इंजेक्शनांचे औषध शरीरातून हळूहळू ओसरते. शेवटच्या मात्रेनंतर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ त्याचा अंश रक्तात राहू शकतो. हा अंश संरक्षणाला पुरत नाही. पण त्या काळात संसर्ग झालाच तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो. इंजेक्शन थांबवायचे झाल्यास आणि धोका कायम असल्यास लगेच गोळी सुरू करावी, हे पहिल्या भेटीतच सांगितले पाहिजे.

डॅपिव्हिरीन हे औषध असलेले, योनीत महिनाभर ठेवण्याचे कडे आफ्रिकेतील काही देशांत वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची शिफारसही केली. अमेरिकेत मात्र ते उपलब्ध नाही. मान्यतेसाठीचा अर्ज उत्पादक संस्थेने २०२१ च्या अखेरीस मागे घेतला.

यांतील कोणताही पर्याय इतर गुप्तरोगांपासून किंवा गर्भधारणेपासून संरक्षण देत नाही, म्हणून कंडोमचे महत्त्व कमी होत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही या औषधांमुळे कमी होत नाही. ही शंका स्त्रियांच्या मनात हमखास असते. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता तिचे निरसन करावे.

सुरू करण्यापूर्वी

प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी नकारात्मक असणे ही पहिली अट आहे. नुकताच ताप, पुरळ, घसादुखी असे काही होऊन गेले असेल तर ताज्या संसर्गाची शक्यता लक्षात घ्यावी लागते. गोळी घेणाऱ्यांची चाचणी दर तीन महिन्यांनी, तर इंजेक्शन घेणाऱ्यांची प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी केली जाते.

भारतातून आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली हिपॅटायटिस बी. टेनोफोविर या रोगाच्या विषाणूवरही काम करते, त्यामुळे ते अचानक बंद केल्यास यकृताचा दाह उफाळून येऊ शकतो. इंजेक्शनांचा या विषाणूवर परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट क्षयरोगाची. त्याच्या उपचारातील रिफॅम्पिसिनमुळे कॅबोटेग्राव्हिरचे रक्तातील प्रमाण इतके घटते की ही दोन्ही औषधे एकत्र देता येत नाहीत. लेनाकापावीरच्या बाबतीत जादा मात्रा द्याव्या लागतात.

गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरच्या महिन्यांत संसर्गाची शक्यता वाढते, म्हणून त्या काळात प्रेप बंद करावे हा समज बरोबर नाही. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांमधील सर्वांत दीर्घ अनुभव रोजच्या ट्रुव्हाडा गोळीचा आहे. ‘पर्पज १’मध्ये गर्भवती झालेल्या स्त्रियांनाही चाचणीत राहण्याची मुभा होती, त्यामुळे लेनाकापावीरविषयीचीही माहिती जमा होत आहे.

पती बाधित असून नियमित उपचारांमुळे त्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी असेल, तर लैंगिक संबंधातून पत्नीला संसर्ग होत नाही. हे सिद्ध करण्यात ‘एचपीटीएन ०५२’ या बहुराष्ट्रीय चाचणीचा मोठा वाटा होता आणि तिचे एक केंद्र पुण्यात होते. अशा पत्नीला प्रेप नकोसे वाटू शकते किंवा स्वतःच्या हाती असलेले जादा संरक्षण म्हणून हवेही वाटू शकते. दोन्ही निर्णय समंजस आहेत.

बोलावे कसे

सर्वांत सोयीची सुरुवात म्हणजे ही माहिती सर्वांना दिली जाते असे सांगणे. “आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आम्ही हे सांगतो. एचआयव्ही होऊ नये म्हणून आता गोळी आहे, इंजेक्शनही आहे. त्याविषयी थोडे सांगू का?” असे विचारल्याने समोरच्या स्त्रीला आपल्यावर संशय घेतला जातो आहे असे वाटत नाही, आणि ‘हो’ म्हणण्यासाठी तिला काही कबूलही करावे लागत नाही. “तुमचे लग्न झाले आहे, म्हणजे ती काळजी नाही, हो ना?” हा प्रश्न मात्र आपले उत्तर बरोबर घेऊनच येतो. त्याला नाही म्हणण्याचे धैर्य फार थोड्या जणी दाखवतील.

माहिती दिल्यानंतरचे संभाषण गर्भनिरोधकांविषयीच्या सल्ल्यासारखे चालवता येते. तेथे डॉक्टर सर्व साधने समोर ठेवतात आणि स्त्रीच्या दिनक्रमाला कोणते झेपेल याचा विचार दोघे मिळून करतात. “रोज एक गोळी लक्षात राहील का?”, “घरात औषध ठेवणे अडचणीचे होईल का?”, “दोन महिन्यांनी येथवर येणे जमेल का?”, “येत्या वर्षात बाळाचा विचार आहे का?” अशा प्रश्नांची उत्तरे निवड सोपी करतात. आज नको म्हणणाऱ्या स्त्रीसाठी दार उघडे ठेवावे. पुढच्या वार्षिक तपासणीत पुन्हा विचारावे. धोक्याचा प्रसंग नुकताच घडून गेला असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू करावयाचा आणि २८ दिवस चालणारा ‘पेप’ हा वेगळा उपचार आहे, हेही तिला ठाऊक असले पाहिजे.

हे संभाषण एकांतातच व्हावे. सोबत आलेले पती, सासूबाई किंवा मुलगी यांना काही वेळ बाहेर बसण्याची विनंती सर्वच रुग्णांच्या बाबतीत नियम म्हणून केली, तर कोणालाही वावगे वाटत नाही. घरातील हिंसेविषयी विचारण्याची संधीही याच वेळी मिळते. जोडीदार हिंसक असेल, तर कोणते औषध कमीत कमी नजरेस येईल हा प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा असतो.

इंग्रजी सहज न बोलणाऱ्या स्त्रीसाठी दुभाष्या मिळवून देणे ही संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांची कायदेशीर जबाबदारी आहे. पतीने किंवा मुलाने भाषांतर करायचे आणि स्त्रीने लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलायचे, हे शक्य नाही. दुभाष्या मागताना हिंदी चालेल असे गृहीत न धरता मराठीच मागावी. फोनवरून ही सेवा अनेक ठिकाणी मिळते.

गुप्तता, विमा आणि व्हिसा

पतीच्या नोकरीतून मिळालेल्या विम्यावर असलेल्या स्त्रियांची सर्वांत मोठी धास्ती असते ती घरी येणाऱ्या विवरणपत्राची. कोणत्या तारखेला कोणती सेवा घेतली हे त्यात छापलेले असते आणि ते बहुधा मूळ विमाधारकाच्या नावे जाते. आरोग्यविषयक गोपनीयतेच्या संघराज्य कायद्यानुसार, ही माहिती उघड झाल्यास आपल्याला धोका आहे असे स्त्रीने कळवले, तर पत्रव्यवहार दुसऱ्या पत्त्यावर करण्याची तिची वाजवी विनंती विमा कंपनीला मान्य करावी लागते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत यापेक्षाही अधिक संरक्षण आहे. औषध लिहून देण्यापूर्वी ही सोय करून घ्यावी. नंतर केलेल्या अर्जाने आधीच निघालेले पत्र थांबत नाही.

खर्चाच्या बाबतीत, प्रतिबंधक सेवांविषयीच्या राष्ट्रीय कार्यदलाने २०१९ मध्ये प्रेपला ‘ए’ श्रेणीची शिफारस दिली आणि २०२३ मध्ये इंजेक्शनाचा समावेश करून ती पुन्हा दिली. त्यामुळे बहुतेक खासगी विमा योजनांना प्रेप आणि त्यासाठीच्या तपासण्या रुग्णाकडून काहीही न आकारता द्याव्या लागतात. या तरतुदीला टेक्सासमधून आव्हान दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी ती कायम ठेवली, मात्र कार्यदलाच्या शिफारशींवर आरोग्यमंत्र्यांचे नियंत्रण असल्याचेही त्याच निकालात म्हटले. लेनाकापावीरची अमेरिकेतील जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर आहे आणि ते २०२३ च्या शिफारशीनंतर बाजारात आले. म्हणून आपल्या योजनेचा त्याबाबतचा नियम पहिल्या इंजेक्शनपूर्वीच विचारून घ्यावा. विमा नसलेल्या स्त्रियांसाठी उत्पन्नानुसार शुल्क आकारणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रे हा विश्वासार्ह मार्ग आहे.

एच-४ सारख्या अवलंबित व्हिसावर असलेल्या काही जणींना ‘एचआयव्ही’ हा शब्द आपल्या कागदपत्रांत आल्यास स्थलांतरात अडथळा येईल असे वाटते. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेश नाकारणारी बंदी ४ जानेवारी २०१० पासून उठली आहे आणि स्थलांतरासाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी आता होत नाही. स्वतः संसर्गच जेथे प्रवेशाला अडसर नाही, तेथे तो टाळण्याचे औषध घेण्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

प्रेप लिहून देण्याचा अनुभव नसलेल्या डॉक्टर व परिचारिकांसाठी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘प्रेपलाइन’ ही दूरध्वनी सल्लासेवा चालवली जाते. मूत्रपिंडांचा विकार, हिपॅटायटिस, गरोदरपण अशा गुंतागुंतीच्या प्रकरणांत तेथील तज्ज्ञांशी बोलता येते. प्रेप देण्यासाठी संसर्गरोगतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. बहुतेक स्त्रियांची डॉक्टरांशी वर्षातून एकदा गाठ पडते ती कुटुंबाच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. हा विषय निघण्याची पहिली जागाही तीच आहे. डॉक्टरांनी तो काढला नाही, तर “एचआयव्ही टाळण्याच्या औषधांविषयी मला माहिती हवी आहे,” एवढे म्हणण्याचा अधिकार रुग्ण स्त्रीला आहे, आणि त्याचे कारण देण्याचे बंधन तिच्यावर नाही.